चहाच्या डागाचं माप

धाकटीचं कौतुक झालं की थोरलीच्या पोटात दुखतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्या थोरलीला ते मान्य नव्हतं. तिच्या मते ते पित्त होतं.

दोघी जावा, आणि घरची लाँड्री. काउंटरमागच्या उंच खुर्चीत सासूबाई बसत. कपडे घेत, चिठ्ठ्या लावत, गिऱ्हाइकाशी कचाकचा भांडत आणि त्यालाच पुढच्या आठवड्यात पडदे टाकायला बोलावत. आता त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि खुर्ची कोणत्या सुनेला द्यायची ते ठरवायचं होतं. थोरलीच्या लेखी त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. ती या घरात आली तेव्हा धाकटी शाळेत वेण्या उडवत होती. मागच्या खोलीतल्या वाफेत थोरलीने उमेदीची वर्षं घातली होती, आणि डाग काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण धाकटी आली, तिने पावत्या संगणकावर नेल्या, आणि सासूबाई उठल्यासुटल्या म्हणायला लागल्या, "धाकटीला विचारा." आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! थोरली हे फक्त इस्त्रीला ऐकवायची. इस्त्री बिचारी वाफ सोडून गप्प बसायची.

संध्याकाळच्या वर्गात दोघींना सासूबाईंनीच घातलं. आकड्यांची चित्रं कशी काढायची ते तिथे शिकवत. "दुकानात काय चाललंय ते मला एका नजरेत दिसलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "शेवटी तुमचं प्रदर्शन असतं ना? ते बघायला येईन. मग खुर्चीचं बोलू."

झालं! त्या दिवसापासून थोरलीची झोप उडाली.

शिकवणारे सर काडीसारखे बारीक होते. "आलेखाची उभी रेघ शून्यापासून सुरू करा, नाहीतर चित्र खोटं बोलतं," या वाक्याशिवाय त्यांचा तास सुरू होत नसे, म्हणून वर्गाने त्यांचं नाव शून्यसर ठेवलं होतं. प्रकल्प जोडीने करायचा होता. आधी प्रश्न ठरवायचा, आकडे जमवायचे, ते साफ करायचे, मग कागदावर कच्चं चित्र आणि शेवटी पक्कं. शून्यसरांनी जावांची जोडी लावून टाकली. एका घरातल्या म्हणजे सोयीचं पडेल, असं त्यांना वाटलं. भला माणूस, पण एकुलता एक असणार.

"ताई, आपण डाग मोजू या का?" धाकटी म्हणाली. "लोक आपल्याकडे कसले कसले डाग घेऊन येतात ते."

कल्पना चांगली होती. थोरलीला तिचा रागच आला, कारण डाग तिचे होते आणि सुचलं मात्र हिला.

आकडे थोरलीने जमवले. गिऱ्हाईक खरं बोलेल तर शपथ! "काहीतरी सांडलंय" याच्यापुढे कोणी जात नसे. कॉलरवर लिपस्टिक घेऊन आलेला प्रत्येक नवरा तो भिंतीचा रंग असल्याचं सांगे, आणि थोरली तो रकाना मुकाट्याने दुरुस्त करी. एकच शर्ट दोनदा मोजला गेला होता, तो तिने काढला. तेल आणि तूप वेगळं लिहिलं होतं, ते एकत्र केलं. सगळ्यात जास्त निघाला चहा, आणि शाई त्याच्या बरोबर निम्मी. हे सगळं तिने वर्गात मांडलं तेव्हा शून्यसर "छान, स्वच्छ आकडे" एवढंच म्हणाले. मग धाकटी उठली आणि म्हणाली, "सर, आम्ही आलेख कागदावर काढणारच नाही. पांढरी चादर घेऊ आणि त्यावर खरे डाग पाडू. चहाचं वर्तुळ चहाचं, शाईचं शाईचं. जितके डाग जास्त तितकं वर्तुळ मोठं." सर खुर्चीतून अर्धे उठले. अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. थोरलीनेही वाजवल्या, पण आवाज येणार नाही अशा बेताने.

घासून पुसून आकडे मी लखलखीत करायचे आणि मिरवायचं हिने, ती मनात म्हणाली. कष्टाचं कोणाला दिसतं?

सुट्टीच्या दिवशी दुपारी दुकान बंद ठेवून दोघींनी मागच्या खोलीत चादर पसरली. कोणीतरी टाकून गेलेली आणि कधीच न नेलेली ती चादर थोरलीनेच धुऊन कडक इस्त्री केली होती. धाकटी गुडघ्यांवर बसून पट्टीने मापं घेत होती. शाईसाठी तिने एक बशी उपडी घातली, कडेने पेन्सिल फिरवली आणि आतलं वर्तुळ शाईने भरलं. चहा शाईच्या दुप्पट, म्हणून बशीच्या दुप्पट रुंदीचं ताट घेतलं, आणि ब्रश चहात बुडवून ते वर्तुळ भरायला लागली. भरता भरता गुणगुणत होती. तपकिरी कड कापडात हळूहळू पसरत होती, आणि दिसत होती फार सुंदर.

थोरलीच्या ते चटकन लक्षात आलं. दुप्पट रुंद म्हणजे दुप्पट नव्हे. गोल टेबलक्लॉथ दुप्पट रुंदीचा आला की इस्त्रीला चौपट वेळ लागतो, हे तिच्या खांद्याने किती वेळा सोसलं होतं. चादरीवर चहा शाईच्या चौपट झाला होता. चित्र खोटं बोलत होतं.

"अगं," असं तिच्या तोंडून निघालंसुद्धा. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या.

"अगं बाई! काय सुरेख झालंय हे," त्या म्हणाल्या. "धाकटे, बोटांत जादू आहे गं तुझ्या. काउंटरवर असंच डोकं लागतं."

थोरलीने चादरीचा कोपरा उगाच सरळ केला. आता हिच्या तोंडावर चूक दाखवावी, की... आणि मग तिला वाटलं, आपण कशाला वाईट व्हायचं? प्रदर्शनात शून्यसरांच्या नजरेतून हे सुटणार थोडंच आहे? सगळ्यांदेखत, सासूबाईंदेखत, तेच दाखवतील. सुंठेवाचून खोकला जाईल.

"काही म्हणत होता का ताई?" धाकटीने विचारलं.

"छे. चहा सांडेल म्हटलं."

पुढच्या दिवसांत तिचं मन खायला उठलं नाही असं नाही. एकदा ती धाकटीला म्हणालीही, "मापं नीट बघितलीस ना?" "हो, दोनदा," धाकटी म्हणाली. थोरलीने तेवढ्यावर स्वतःची समजूत घातली. विचारलं होतं की आपण! आता बुडाली तर तिचं ती बघेल. लोणी लावून धाकटीने दिलेली पोळी मात्र त्या रात्री तिला गोड लागेना, आणि त्याचाही राग तिने धाकटीवरच काढला.

प्रदर्शनाच्या दिवशी वर्गात भिंतीभर आलेख लागले होते, पण गर्दी होती ती चादरीपुढे. सासूबाई चांगली साडी नेसून, काठी टेकत, सगळ्यांच्या पुढे उभ्या. शून्यसर वही घेऊन आले. थोरली मुद्दामच दोन पावलं मागे सरकली. पडणाऱ्याच्या जवळ कशाला उभं राहायचं?

"सांगा, कसं केलंत?" सर म्हणाले.

धाकटीने मागे वळून थोरलीचा हात धरला आणि तिला पुढे ओढलं. "सर, हे ताई सांगतील. डाग ओळखले ताईंनी, आकडे साफ केले ताईंनी. त्या नसत्या तर लिपस्टिकसुद्धा भिंतीचा रंग म्हणूनच लागली असती. मी नुसती ब्रश फिरवणारी. बोला ना ताई."

लोक हसले. सासूबाईंनी शेजारच्या बाईंना कोपर मारलं. "ही माझी थोरली," त्या म्हणाल्या. मग थोरलीच्या कानाशी वाकून हळूच, "खुर्चीचं ठरलं माझं. तूच बस."

इतकी वर्षं जे ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते तिने ऐकलं. पण आनंद झालाच नाही.

शून्यसर चादरीकडे बघत होते. त्यांची पेन्सिल बशीएवढ्या निळ्या वर्तुळावरून ताटाएवढ्या तपकिरी वर्तुळावर गेली. "चहा शाईच्या किती पट आहे म्हणालात?"

धाकटी विश्वासाने थोरलीकडे बघत होती. नुसतं "वर्तुळं हिने काढली" एवढं म्हणायचं होतं. खोटंही नव्हतं ते. जिभेच्या टोकावर आलं होतं.

"दुप्पट," थोरली म्हणाली. "पण चित्रात चौपट दिसतोय. चहाचं वर्तुळ चुकलंय."

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. तिने बोटांनी हवेतच काहीतरी मोजलं. "अगंबाई... खरंच की! मी रुंदी दुप्पट केली. सर, माझी चूक, ताईंना माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं." थोरलीला स्वतःचाच आवाज परका वाटला. "तू रंगवत होतीस तेव्हाच दिसलं मला. आई तुझं कौतुक करत होत्या. मला ते सोसलं नाही. म्हटलं, पडू दे हिला तोंडावर."

शून्यसरांनी वही मिटली आणि ते उगाच शेजारच्या आलेखाकडे बघू लागले. धाकटी चादरीजवळ गेली. चहाच्या वर्तुळाच्या कडेवरून तिने नखाने खरवडून बघितलं, जसं गिऱ्हाईक काउंटरवर शर्ट ठेवण्याआधी एकदा बघतं. रंग जरासुद्धा हलला नाही. तो धाग्यात मुरला होता.

"ताई," तिने वळून विचारलं, "ओला होता तेव्हा नुसत्या पाण्याने गेला असता ना हा?"

"हो," थोरली म्हणाली.

"आणि आता?"

गावातले सगळे डाग जिच्याकडे येत, ती पुढे झाली आणि त्याच कडेवर तिनेही नख घासून बघितलं.