लक्ष्मीला उजेड

जोतिबा जात्याच्या पाळीत राहिलेलं पीठ बोटाने टिपून चाटत होता आणि त्याची थोरली बहीण हरणा दाराकडे लक्ष ठेवून उभी होती. चुलतीने पाहिलं असतं तरी ती काही बोलली नसती. नुसती तोंड फिरवून बसली असती, आणि हरणाला ते शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

लढाई तिकडे इटलीत का कुठे चालली होती. त्यांचा बाप हंबीरराव पलटणीबरोबर तिकडेच होता. वडूजच्या बाजूच्या त्या कोरड्या गावात एकही गोळी उडाली नाही, पण रॉकेल गेलं, कापड गेलं, साखरेचं तोंड दिसेना. पावसाने दगा दिला आणि जी काही ज्वारी झाली ती सक्तीने धान्य वसूल करणारे सरकारी लेव्हीवाले भरून घेऊन गेले. त्यातच आई, अंबूबाई, तापाने गेली आणि ही दोन लेकरं चुलत्याच्या पदरी आली. चुलती धोंडुबाई वाईट नव्हती. तिची स्वतःची चार तोंडं होती आणि भाकरी तेवढीच होती, इतकंच.

जोतिबाचं पोट पुढे आलं होतं, पाय काटकुळे झाले होते. हल्ली तो खेळायचाही नाही, बसल्या जागी पेंगायचा. हरणाच्या जिवाला रात्रंदिवस तोच घोर होता.

"आक्का, पेव उघडायचं?" तो रोज विचारायचा.

"आबा आल्यावर," ती म्हणायची.

कारण आईने तसं बजावलं होतं. लेव्हीवाले येण्याआधी तिने त्यांच्या जुन्या घरामागे परड्यातल्या पेवात शाळू उतरवला होता. जमिनीत दोन पुरुष खोल खड्डा, तोंडावर शिळा, शिळेवर माती, वर शेणी रचलेल्या. बाप येईस्तोवर कुणाला सांगायचं नाही, दिरालासुद्धा नाही. हरणाने शब्द पाळला होता. पण बापाचा काही पत्ता नव्हता आणि भाऊ तर डोळ्यांदेखत सरत चालला होता.

चुलता-चुलती पोरांना घेऊन पलीकडच्या गावी बारशाला गेली, त्या दिवशी तिने शब्द मोडला. जोतिबाला एवढं चालवत नव्हतं म्हणून ही दोघं मागे राहिली होती. पेवाचं नाव काढताच मात्र तो उठून तुरुतुरु पुढे निघाला. कितीतरी दिवसांनी तो हसला होता.

हरणाने शेणी बाजूला केल्या, माती उकरली आणि पहार घालून शिळा हलवली. फट पडली ती जोतिबा मावेल एवढीच.

पेव कसं उघडतात हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. आई शिळेला हळदकुंकू वाहायची आणि मग दोरीला कंदील बांधून आत सोडायची. लक्ष्मीला उजेड दावायचा, असं म्हणायची. धान्याच्या तोंडाशी, लेकरांसमोर, मरणाचं नाव कोण काढणार? कोंडलेल्या हवेत कंदील विझतो आणि माणूसही तसाच विझतो, हे आईने कधी सांगितलंच नव्हतं. हरणाला वाटायचं, ती पूजा आहे.

घरात कंदील होता, पण त्यात रॉकेलचा थेंब नव्हता. तिने चिमूटभर हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले.

"लक्ष्मीआये, त्याल न्हाई मिळालं. रागवू नगंस."

मग तिने भावाच्या हातात पाटी दिली आणि त्याला दोराच्या फासात बसवून हळूहळू खाली सोडलं.

"आक्का, लय हाय गं!" खालून आवाज आला.

"आदी मूठभर खा. मग पाटीत भर."

खाली कडकड चावल्याचा आवाज आला. हरणाचं काळीज भरून आलं. जरा वेळाने तो म्हणाला, "आक्का, हितं झोप येतीया." तिने लाडाने दटावलं, म्हणाली, झोपू नको, वर आल्यावर झोप. त्यावर खालून काही उत्तर आलं नाही. दोर ओढला तर रिकामाच वर आला.

तिचा ओरडा ऐकून रानातली मेंढरं तशीच सोडून केरबा धनगर धावत आला. हरणा तोवर फटीत डोकं घालून आत घुसायला बघत होती. त्याने तिला वेणीला धरून मागे ओढलं.

"एक गेलं, पोरी. दुसरं नगं. कोंडल्या हवंत दिवा इझतो, तसं मानूसबी इझतं."

त्याने शिळा पुरती लोटली, घोंगडी दोराला बांधून वरखाली हलवत वारं आत घातलं, आणि मग स्वतः उतरला. जोतिबाला वर आणलं तेव्हा त्याच्या दोन्ही मुठींत शाळू होता. तोंडातही होता.

दुसऱ्या दिवशी चुलत्याने ते धान्य बाहेर काढलं. धोंडुबाईने रडत रडत दळलं आणि भाकरी केल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. हरणानेही खाल्ली. तिला भूक लागली होती, आणि त्या भुकेची तिला जन्मभर शरम वाटत राहिली.

लढाई संपली, हंबीरराव सुटून घरी आला. दोन्ही मरणं त्याला पलटणीतच कळली होती. तो लेकीशी फार बोलेना, हरणा नजर वर करेना. बाप आपल्याला कधी माफ करणार नाही, हे तिने मनाशी धरूनच ठेवलं होतं. त्या साली शाळू बरा झाला, पेव भरलं, आणि पुढे एका सकाळी ते उघडायची वेळ आली. हंबीररावाने शिळा सरकवली आणि पलटणीतून आणलेली बॅटरी पेटवून आत उजेड पाडला.

"आबा, ह्यो इझत न्हाई," हरणा मागून म्हणाली. "इझंल असा दिवा पायजे."

ती घरात गेली आणि कंदील घेऊन आली. रॉकेलने काठोकाठ भरलेला, काच लख्ख पुसलेली. हंबीरराव तिच्याकडे बघतच राहिला. मग खाली बसला.

"तुजी चूक न्हाई, हरणे. तुला कुणी सांगितलंच न्हवतं."

 तिने कंदील दोरीने आत सोडला. तो धान्यावर टेकला आणि जळत राहिला. बराच वेळ जळत राहिला. हंबीरराव उतरायला उठला, तर लेकीने त्याचा सदरा मागून घट्ट धरलेला होता.

"आजून जरा थांबू, आबा."

तो परत खाली बसला. खाली ज्योत सरळ उभी होती. ऊन डोक्यावर आलं तरी ती तशीच होती, आणि हरणाने सदरा सोडला नव्हता.