डावी बाजू चालू होती

मित्रांनो, मी एक जुना इअरफोन आहे. काळ्या वायरचा, कानात बसवायचा, स्वस्तातला. अहमदपूरच्या एका घरात टीव्हीखालच्या फळीवर, रिमोट आणि चिकटपट्टीच्या शेजारी, मी पडून असतो. माझी वायर कुठं तुटलेली नाही. आज कुणी मला मोबाइलला लावलं तर मी दोन्ही बाजूंनी सारखा वाजेन. ही बढाई नव्हे. माझ्या आयुष्यात जे घडलं ते सगळं या एका गोष्टीवरून घडलं, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यात मला कुणा माणसाच्या कानानं ऐकलं नाही. एका यंत्रानं माझ्यातून लांबलचक शिट्टी काढली, हिरवा दिवा लागला आणि मी डबीत बंद झालो. तिथून फिरत फिरत मी लातूरला, गंजगोलाईजवळच्या एका दुकानात आलो. दुकान सिद्रामप्पांचं. मोबाइलची कव्हरं, चार्जर, बॅटऱ्या आणि आम्ही इअरफोन, असा सगळा माल भिंतीवर टांगलेला. कॉलेजची पोरं यायची आणि एकच विचारायची, "काका, बेस भारी हाय का?" माझा खालचा आवाज बेताचाच. त्यामुळं शेजारचे भराभर विकले गेले आणि मी आकड्याला लटकत राहिलो.

एका दुपारी देविका आली. अहमदपूरच्या मुलींच्या शाळेत ती गाणं शिकवते. सोबत तिची आई, विमलताई. घरात या दोघीच. देविका संगीत विशारदच्या परीक्षेला बसणार होती. तिचे गुरुजी, व्यंकटराव, नांदेडला राहतात. ते तानपुऱ्यावर धडे गाऊन तिच्या मोबाइलवर पाठवायचे. ते नीट ऐकू यावेत एवढंच तिला हवं होतं.

"बेस नको मला," ती म्हणाली. "ऐकून घेतलं तर चालेल का?"

सिद्रामप्पांनी जरा विचार केला. "ऐका की मॅडम. पण डबी फोडल्यावर तसंच ठेवून जाऊ नका म्हंजे झालं."

तिनं गुरुजींचा एकच धडा लावला आणि एकेक इअरफोन कानात घालून डोळे मिटले. पहिला तिनं लगेच काढला. "यात गुरुजी रांजणात बसून गातायत असं वाटतंय. नुसतं घुमतंय." दुसऱ्यात स आणि श सुईसारखे टोचत होते. तिसऱ्याचा आवाज बरा होता, पण त्याची बोंडं एवढी जाड होती की कानाची पाळी दुखायला लागली. मग माझी पाळी आली. माझ्यातून तानपुरा सुरू झाला आणि धडा संपेपर्यंत तिनं मला कानातून काढलंच नाही.

"आई, यात तानपुऱ्याच्या मधल्या, जोडाच्या दोन तारा वेगवेगळ्या कळतात," ती शेवटी म्हणाली. "खर्ज कमी आहे. पण जे आहे त्यात खोटं काही नाही."

मित्रांनो, मला आयुष्यात मिळालेली शाबासकी एवढीच. पण ती अशा कानांनी दिली होती की मला ती पुरली.

अडचण एकच होती. देविकाचा डावा कान उजव्यापेक्षा बारीक. माझं मधल्या मापाचं रबर उजवीकडं छान बसलं आणि डावीकडं दुखू लागलं. सिद्रामप्पांनी डबीतलं लहान रबर काढून डाव्या बोंडावर चढवलं. तेव्हापासून माझ्या दोन बाजू दिसायलाही वेगळ्या झाल्या. लहान रबर डाव्या कानाचं, मोठं उजव्या कानाचं. देविकाला बोंडांवरची एल आणि आर, म्हणजे डावं-उजवं, ही अक्षरं बघावी लागत नसत. बोटाला रबर लागलं की तिला बाजू कळायची.

पुढचे महिने फार चांगले गेले. दर रविवारी ती एसटीनं नांदेडला शिकवणीला जायची. खिडकीशी बसायची, माझी वायर कानामागून घेऊन ओढणीखाली सोडायची, म्हणजे वायर कपड्याला घासून खरखर होत नसे. गाडीचा खडखडाट, कंडक्टरची घंटी, मागच्या सीटवरचं भांडण, या सगळ्यात मी तिला यमनचे स्वर पोचवत राहायचो. आवाज ती कधी मोठा करायची नाही. लोह्याच्या पुढं कधीकधी ती स्वतःशीच गुणगुणायची आणि शेजारची बाई वळून बघायची.

पावसाळा संपता संपता तिला सर्दी झाली. चार-दोन दिवसांत सर्दी ओसरली. आणि एका सकाळी तिनं मला कानात घातलं, धडा लावला आणि कपाळाला आठी घातली.

"आई, याची डावी बाजू गेली गं."

मी हबकलो. माझी डावी बाजू तर वाजत होती! तानपुरा, गुरुजींचा गळा, मध्येच त्यांनी घेतलेला श्वास, सगळं मी तिच्या डाव्या कानात ओतत होतो. ते आत जात होतं आणि तिथंच कुठंतरी बुडत होतं. तिनं रबर दाबून बघितलं, वायर हलवली, पिन काढून पुन्हा घातली. मी त्याच जोरानं वाजत राहिलो.

"कानपण जरा बसलाय," ती म्हणाली. "कापूस घातल्यावानी वाटायलंय."

"सर्दीनं बसला असंल," विमलताई चुलीवरचा चहा गाळता गाळता म्हणाल्या. "वाफारा घे दोन दिवस. सुटतोय आपोआप."

कान सर्दीनं बसला आणि इअरफोन बिघडला. दोन वेगळी दुखणी. ती दोन्ही एकच आहेत हे घरात फक्त मला ठाऊक होतं. आणि मित्रांनो, माझी गत बघा. मी दिवसभर त्या बाईच्या कानात बोलायचो. पण सगळं दुसऱ्याचं. माझा स्वतःचा एक शब्द तिला ऐकवायची सोय माझ्यात नव्हती.

एकदा विमलताईंनी मला कानात घातलं. शेजारणीनं पाठवलेलं भजन त्यांना ऐकायचं होतं. "अगं, मला तर दोन्हीकून येतंय की," त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता सुटलो! पण देविका म्हणाली, "वायर हलली की येत असेल, मग जात असेल. यांचं असंच असतं." तिनं मला लावून बघितलं, डावीकडं पुन्हा काही नाही. "बघ, गेला परत."

दुसऱ्या दिवशी कणीक मळताना फोन आला. उजवा हात भरलेला, म्हणून तिनं डाव्या हातानं फोन डाव्या कानाला लावला. "हॅलो, हॅलो," करून ठेवून दिला आणि म्हणाली, "रेंजच नाही." मी ओट्याच्या कडेला पडून हे बघत होतो. माझ्यावरचा दोष आता मोबाइलच्या टॉवरवरही गेला होता. फक्त जिथं जायला हवा तिथं तो जात नव्हता.

शाळेच्या कामानं तिला लातूरला जावं लागलं, तेव्हा ती मला सिद्रामप्पांकडं घेऊन गेली. मला पुन्हा आशा वाटली. त्यांनी मला उजेडात धरलं, जाळीवर फुंकर मारली, ब्रशनं घासलं.

"तुम्ही कानात घालून बघता का?" देविकानं विचारलं.

"न्हाई मॅडम. लोकाच्या कानातलं मी कानात घालत न्हाई. कानाला लागण होती," ते म्हणाले. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. "आता ऐका बरं."

तिनं ऐकलं. मान हलवली.

"मग गेलाच तो. हलका माल हाय, किती दिवस पुरणार? दुसरा देतो, घेऊन जावा."

मी महागडा असतो तर मला कुणीतरी खोलून तपासलं असतं, मशीनवर लावलं असतं. स्वस्त वस्तूला तपासत नाहीत, तिचा निकाल आधीच लागलेला असतो. तरीही तिनं त्या दिवशी दुसरा इअरफोन घेतला असता तर बरं झालं असतं. त्याचीही डावी बाजू मुकी निघाली असती आणि तिला लगेच उमगलं असतं. पण ती म्हणाली, "नको. परीक्षा होईपर्यंत हाच राहू दे. माझ्या कानाला हाच बसतो. आवाज वाढवून भागवते."

तिचा माझ्यावर जीव होता, तोच तिच्या आड आला. दुकानाच्या पायऱ्या उतरताना मी तिच्या पर्समध्ये होतो आणि इतकं असहाय मला त्या आकड्यावर लटकतानाही वाटलं नव्हतं.

तिनं आवाज वाढवला. ज्या कानात जात नव्हतं तिथं तरीही गेलं नाही. ज्या चांगल्या कानात जात होतं तिथं मी आता ओरडू लागलो. तिच्या बोटानं मला ओरडायला लावलं आणि मला गप्प बसता येईना.

त्या रविवारी गुरुजींकडं ती त्यांच्या उजव्या हाताला बसली. म्हणजे गुरुजी तिच्या डावीकडं आले. मी पर्सच्या उघड्या तोंडातून बघत होतो. गुरुजी एक तान सांगून थांबले. तिनं ती घेतलीच नाही. त्यांनी पुन्हा सांगितली. ती तशीच समोर बघत बसलेली.

"देविका! लक्ष कुठं आहे तुझं?" ते चिडले. "परीक्षा तोंडावर आलीय. मध्यमही आज उतरून लागतोय."

परतीच्या गाडीत तिनं मला कानात घातलं, थोडं ऐकलं आणि उपटून पर्समध्ये कोंबलं. "ह्याच्यामुळं झालंय सगळं," ती पुटपुटली आणि खिडकीकडं तोंड करून रडली. माझी वायर तिच्या रुमालात गुंतली होती.

पुढच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी विमलताईंनी माझी रबरं काढून साबणाच्या पाण्यात धुतली. पोरीचं दुखतंय, आपल्या हातून काहीतरी व्हावं, एवढाच त्यांचा भाव. रबरं वाळल्यावर त्यांनी ती परत चढवली. लहान उजव्या बोंडावर, मोठं डाव्या बोंडावर. त्यांना त्यातलं काय कळणार?

सकाळी एसटीत देविकानं पर्समध्ये हात घातला. बोटाला लहान रबर लागलं, ते तिनं डाव्या कानात घातलं. मोठं उजव्यात. धडा सुरू केला. डावीकडं काही नाही. रोजच्यासारखंच. माळाकोळी गेलं तरी ती तशीच ऐकत होती. मग गाडी खड्ड्यात आदळली आणि मी तिच्या उजव्या कानातून निसटून मांडीवर पडलो. परत घालायला तिनं मला उचललं, तर त्या बोंडावर एल लिहिलेलं होतं.

ती ते अक्षर बघत राहिली. डाव्या कानातलं बोंड काढून बघितलं. त्यावर आर. मग तिनं फार हळू, जणू मी काचेचा आहे अशा बेतानं, एल आधी उजव्या कानात घातला. मी वाजलो. माझी बिचारी, बिघडलेली, बदनाम डावी बाजू त्या कानात स्वच्छ वाजली, जोडाच्या दोन्ही तारांसकट. मग आर डाव्या कानात. शांतता.

तिनं मला काढलं आणि डाव्या कानाशी बोटं चोळली. मग उजव्या कानाशी. पुन्हा डाव्या.

"बरं वाटत नाही का ओ ताई?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"इअरफोन चांगलाय," देविका म्हणाली. "इअरफोन चांगलाय हो."

मित्रांनो, मी निर्दोष सुटलो तो हा क्षण. पण त्या वेळी मला वाटत होतं, मी खरंच बिघडलेला निघालो असतो तर किती बरं झालं असतं.

नांदेडला उतरून तिनं गुरुजींना फोन केला. "आज गाण्याला येत नाही, गुरुजी. स्टँडजवळच्या कानाच्या डॉक्टरांकडं चाललेय, त्यांचा दवाखाना आज उघडा आहे." ती दवाखान्यात पोचते न पोचते तोच गुरुजी स्कूटरवरून तिथं आले. तिला एका बंद खोलीत बसवून कानात बारीक-मोठे आवाज सोडून तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावरची रेघ बघितली आणि चष्मा काढला.

"किती दिवस झाले?"

"दोन आठवडे होत आले असतील."

"कानाची नस सुजलीय. अशात पहिल्या एक-दोन दिवसांत आलं तर पुष्कळदा बरंच परत मिळतं. आता औषध देऊ, इंजेक्शनं देऊ. पण किती येईल ते मी सांगू शकत नाही."

"इअरफोनमुळं झालं का हे?"

"नाही. बहुतेक सर्दीच्या विषाणूमुळं. इअरफोनचा यात दोष नाही. वाट बघितलीत, तेवढंच वाईट झालं."

गुरुजी भिंतीशी उभे होते. "लक्ष कुठं आहे म्हणालो मी हिला," ते म्हणाले.

गोळ्या झाल्या, कानातली इंजेक्शनं झाली. थोडं परत आलं. दाराची कडी, गाडीचा आवाज, बोलणं चालल्याची भणभण. पण डाव्या कानात सूर काही परतला नाही. परीक्षा तिनं पुढच्या खेपेला दिली आणि ती पासही झाली. शाळेत ती अजून गाणं शिकवते. फक्त मुलींना आता उजवीकडं बसवते. गुरुजींनी तिला काही न विचारता आपली बैठक खोलीच्या दुसऱ्या भिंतीला हलवली. एकदा त्यांनी तानपुरा छेडून तिच्याकडं बघितलं, तेव्हा ती म्हणाली, "ऐकू येतो, गुरुजी. पण आधी मी त्याच्या आत बसायचे. आता तो एका बाजूला वाजतो."

मला ती वापरत नाही. उरलेला कान जपायचा आहे, हे बरोबरच आहे. माझी तक्रार नाही.

विमलताई मात्र अजून विसरतात. स्वयंपाकघरातून हाक मारतात, "देविका, चहा झाला गं." हाक डावीकडून आलेली असते. उत्तर येत नाही. मग त्या कप ठेवून उठतात, खुर्चीला वळसा घालून लेकीच्या उजव्या बाजूला येतात, खांद्यावर हात ठेवतात आणि तेच पुन्हा म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणीतरी असेल. एखाद्या दिवशी तो एका कानात मुका वाटला तर त्याला शिव्या घालण्याआधी दोन्ही बोंडं अदलाबदल करून घाला. मुकेपण बोंडाबरोबर दुसऱ्या कानात गेलं तर बिघाड आमचा. पण ते त्याच कानात राहिलं, तर सर्दी ओसरायची, रविवार उजाडायची, परीक्षा संपायची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा. आम्हाला दुकानात नंतर नेलं तरी चालतं.