आरपार गेलेला रंग

मित्रांनो, भिंतीवरच्या पडद्याला कोणी बोलायला सांगत नाही. पण मी एक जुना मांजरपाटाचा पडदा आहे आणि आज मनातलं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाताना आबाजींचं घर लागतं. आबाजी शेतकरी, पण तरुणपणी गुरूंकडे योग शिकलेले. त्यांनी माझ्यावर ध्यानाला बसलेला माणूस काढला. त्याच्या कण्यावर चक्रांची सहा कमळं, माथ्यावर हजार पाकळ्यांचं सातवं. रंग गुरूंनी सांगितले तसे. रंगवण्याआधी मला कापडाची छिद्रं बुजवणारी खळ लावायला मात्र ते विसरले आणि सगळा रंग मागे फुटला.

"पाठ पार घाण केलीत त्याची!" त्यांची बायको अंबूबाई हसली. मला फार लाज वाटली.

पुढे त्यांच्या मुलीने, संजीवनीने, घरी योगवर्ग सुरू केले. परदेशी पाहुणे मला पाहून हरखत आणि लगेच ब्रश घेऊन दुरुस्त करायला बसत. त्यांच्याकडच्या गूढविद्येच्या पुस्तकांत चक्रं निराळी होती. एका बाईंनी सातांना इंद्रधनुष्याचे रंग दिले. एका आजोबांनी बेंबीखालचं चक्र उचलून डावीकडे प्लीहेवर नेलं. तिसऱ्याने प्रत्येकाला शरीरातली एकेक ग्रंथी जोडली. सगळे प्रेमाने करत, म्हणून संजीवनीला नाही म्हणवेना. माझं कौतुक वाढलं, पण आबाजींची एक पाकळीही दिसेना.

आबाजींना तेव्हा मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं. मग महाडला ऑपरेशन झालं. घरी पट्टी सुटताच ते म्हणाले, "आधी माजी कमळं दाखव गो."

संजीवनीचा चेहरा उतरला. "आबा, ती नाय रायली. पाव्हण्यांनी वरनं रंगवलं, मी अडवलं नाय." तिला रडू फुटलं.

आबाजींनी मला जवळून न्याहाळलं. "ह्यांनी बी मन लावूनच केलंय," ते म्हणाले, पण मला हात लावला नाही.

"अगो, पाठ बघ की त्याची!" अंबूबाई म्हणाली.

संजीवनीने मला उलटं केलं. सगळी कमळं तिथे होती, फिकट, पण जागच्या जागी; पाहुण्यांचे रंग आबाजींच्या सुकलेल्या रंगावरच अडले होते. आबाजींनी त्यांवरून हात फिरवला. "हायत गो," ते म्हणाले.

आता मी भिंतीवर नसतो, खोलीच्या मधोमध टांगलेला असतो. एका बाजूला पाहुणे बसतात, दुसऱ्या बाजूला आबाजी. कधीकधी ते जागा बदलतात.

मित्रांनो, तुम्हाला वेगळं काही सुचलं तर जरूर काढा, पण त्यासाठी नवं कापड घ्या. माझ्या पाठीला आता कुणी ब्रश लावू नका. आबाजींना आत्ता कुठे दिसायला लागलं आहे.