बायनाबाईच्या गळ्यातला हार

घुग्घुसच्या चौकात माणसाचा चेहरा मोठा होऊन झळकतो तो दोनच कारणांनी. एक तर तो पुढारी असतो आणि त्याचा वाढदिवस असतो, नाहीतर तो माणूस गेलेला असतो. तिसरं कारण आजवर कुणाला सुचलं नव्हतं. ते नूतनला सुचलं आणि पुढचा सगळा गोंधळ झाला.

नूतन एकोणीस वर्षांची, सिमेंट कारखान्यातल्या कामगाराची मुलगी. चंद्रपूरहून रिनाताई नावाची चित्रकार आली आणि तिने गावातल्या पोरापोरींसाठी महिनाभराचं भिंतचित्रांचं शिबिर काढलं, तेव्हा पहिलं नाव नूतनने दिलं. "रंगानं काय पोट भरते?" घरून विचारणा झाली. "महिनाभर तं जाऊ द्या," एवढंच ती म्हणाली. जलालुद्दीनभाईंनी आपल्या वेल्डिंगच्या दुकानाची चौकाकडची लांबलचक भिंत देऊ केली. "अच्छा काम है, करा," ते म्हणाले, "पन गिऱ्हाईक पळालं नाई पायजे."

रिनाताईचा नियम साधा होता. भिंतीवर देव नको, पुढारी नको, सिनेमातला नट नको. जो माणूस तुमच्या रोज समोर असतो आणि तरी तुम्ही त्याच्याकडे कधी नीट बघितलेलं नसतं, तो काढा. शिबिरातल्या बिलालने पाळी सुटल्यावर मोटारसायकलींवरून परतणारे, कोळशाने काळे होऊन डोळ्यांपुरतेच पांढरे उरलेले खाणकामगार काढले. नूतनने बायनाबाई काढली.

बायनाबाई म्हणजे चौकातली चहाची टपरी. तिचा नवरा खाणीत होता. तो वारल्यावर तिने टपरी टाकली आणि सकाळच्या पाळीला जाणारा अर्धा गाव तिच्या चहावर जागा व्हायला लागला. चहा गोड आणि जीभ तिखट, अशी तिची ख्याती. नूतनच्या दोन खोल्यांच्या घरात पुस्तक उघडायला कोपरा मिळत नसे, म्हणून शाळेत असल्यापासून ती टपरीच्या बाकावर बसून अभ्यास करायची. बायनाबाई तिला रागवायची, उठवायची आणि पुन्हा बसवून चहा द्यायची. नूतन तिला आजी म्हणायची. तिचा आजीवर फार जीव होता, फक्त तिने तो कधी बोलून दाखवला नव्हता.

चेहरा नामी उतरला. कपाळाच्या आठ्या, नाकाच्या शेंड्यावरचा तीळ, दाबून धरलेले ओठ, सगळं हुबेहूब. तिथेच ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण बिलाल पूर्वी ट्रकांवर फुलं रंगवायचा आणि त्याच्याकडून ती नुकतीच झेंडू काढायला शिकली होती. नवी सायकल मिळालेलं पोर शेजारच्या घरीसुद्धा सायकलनेच जातं. नूतनने बायनाबाईच्या गळ्यात झेंडूचा भरघोस हार घातला आणि खाली ठसठशीत अक्षरांत नाव लिहिलं. तिच्या मनात होता सत्कार. तो हार दुसऱ्याही प्रसंगी घालतात, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. रिनाताईच्या नक्की आलं असतं, पण ती त्या दिवशी पुढच्या भिंतीची बोलणी करायला मार्कंड्याला गेली होती.

संध्याकाळी नूतन बायनाबाईला हाताला धरून भिंतीसमोर घेऊन आली. बायनाबाईने डोळे बारीक केले. जवळ गेली, मग चार पावलं मागे आली. पदराने डोळे पुसून पुन्हा पाहिलं. नूतन तिच्या चेहऱ्याकडे बघत उभी होती.

"बरं," बायनाबाई म्हणाली आणि टपरी बंद करून घरी निघून गेली.

बरं! महिनाभराची मेहनत आणि त्यावर एक बरं. नूतनचं तोंड एवढंसं झालं. आजीला राग आला की काय, या विचाराने तिला रात्री जेवण गेलं नाही. इकडे कुणीतरी भिंतीचा फोटो मोबाइलवर टाकला होता आणि तो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर करत सिंदेवाहीला जाऊन पोहोचला होता.

सकाळी नूतन रंगाचे डबे घेऊन चौकात आली आणि थबकलीच. टपरी बंद होती. पाळीवर जाणारे कामगार गाड्या थांबवून, बंद फळ्यांकडे बघून पुढे जात होते. नूतन बायनाबाईच्या खोलीवर गेली, तर दाराला कुलूप. फोन लावला, तर बंद. शेजारच्या बाईलाही काही सांगून गेली नव्हती. ताप असो, पाऊस असो, बायनाबाईने सकाळची पाळी कधी चुकवली नव्हती.

मन गुंतवायचं म्हणून ती शिडीवर चढली, तेवढ्यात चौकात एक जीप थांबली. आतून पांढऱ्या कपड्यांतली पाच-सहा माणसं उतरली. सगळ्यांत म्हातारा माणूस गुलाबाचा हार हातात घेऊन भिंतीकडे आला आणि चित्रासमोर मटकन खाली बसला.

"बायना वंऽ! भावाले न सांगता गेली वं!"

मागच्या बायांनी सूर धरला. नूतनने शिडी घट्ट धरली. हा बायनाबाईचा थोरला भाऊ खुशाल, हे तिने ओळखलं. सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात त्याची उभी हयात गेली होती. बहिणीने ट्रकवाल्यांना चहा विकावा हे त्याला खपलं नव्हतं. "तुह्या टपरीवरचा चहा मी मरेस्तोवर पेनार नाई," असं बोलून तो गेला तो गेलाच. बायनाबाई ही गोष्ट हसत सांगायची, पण सांगून झाल्यावर स्टोव्ह उगाचच जोरात पंप करायची.

"एक कप पेलो असतो तं काय झिजलो असतो मी," खुशालभाऊ भिंतीला म्हणत होते. "आता कोन देईन?"

आजी कालपर्यंत धडधाकट होती, हे सांगायला नूतनने तोंड उघडलं आणि तिला कुलूप आठवलं. बंद फोन आठवला. हे लोक इतक्या दुरून रडत आलेत, म्हणजे यांना काही कळलं असेल का? जित्या माणसाच्या चित्राला हार घालू नये म्हणतात. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही, हे तिला लहानपणापासून घरात शिकवलेलं. पण भीती काय शिकवलेलं ऐकते? आपणच आजीला घालवली, असं तिला वाटायला लागलं.

एव्हाना चौकात गर्दी जमली होती. ट्रक अडले, हॉर्न वाजायला लागले. जलालुद्दीनभाई तरातरा बाहेर आले. "ये क्या लगा रखा है? मयतीचा फोटो माह्या दुकानावर कायले? आत्ताच्या आत्ता चुना मारा." आणि कुणीतरी खरंच चुन्याची बादली आणि ब्रश आणून ठेवला.

नूतन खाली उतरली. काल संध्याकाळी कुणी या चित्राला बोट लावलं असतं तर ती अंगावर धावून गेली असती. आज ती म्हणाली, "भाई, मीच चुना मारीन. सारी भिंत पांढरी करीन. पन आधी आजीले शोधू द्या." आणि तिला रडू फुटलं.

तेवढ्यात गर्दीच्या पलीकडे चंद्रपूरची बस थांबली. बसमधून एक म्हातारी उतरली. हातात पिशवी, नाकावर काळ्या जाड काड्यांचा कोरा करकरीत चष्मा. एवढी गर्दी आणि पांढरे कपडे बघून तिने पदर सावरला आणि हळू आवाजात पुढच्या माणसाला विचारलं, "कोन गेलं गा?"

पुढच्या माणसाने मागे वळून पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. ती बायनाबाई होती.

नूतन धावत गेली आणि तिच्या गळ्यात पडली. नुसती घट्ट धरून राहिली.

"अवं, सोड, रंग लागते लुगड्याले!" बायनाबाई ओरडली. मग तिची नजर भिंतीपाशी गेली. "भाऊ? तू इथी काऊन आला?"

खुशालभाऊ हारासकट उठून उभे राहिले. "तुह्या मयतीले आलो," ते कसेबसे म्हणाले.

"मंग लय लवकर आला तू."

आधी एक बाई हसली, मग सगळेच. रडत आलेली बाई हसताना फार जोरात हसते. चौकभर हसू पसरलं. ट्रकवालेसुद्धा हॉर्न सोडून खाली उतरले. खुशालभाऊ तेवढे हसत नव्हते. ते बहिणीचा दंड धरून उभे होते आणि सोडत नव्हते.

"न सांगता कुठी गेली होती, आजी?" नूतनने डोळे पुसत विचारलं. "काल तं काही बोलली पन नाई."

"दिसलं असतं तं बोलली असती ना, पोरी. मले नुसतं पिवळं पिवळं दिसून राह्यलं होतं. चंद्रपूरच्या दुकानात चष्मा बनून पडला होता, आनायले सवड होत नव्हती. कोनी आपलं तोंड काढते काय कधी? इतकं काढलं, तं ते धड पाहावं तं खरं. म्हनून पह्यल्या बसनं गेली, फोन चार्ज कराचा बी राहून गेला."

ती भिंतीसमोर गेली. आता तिने डोळे बारीक केले नाहीत. वरपासून खालपर्यंत सावकाश बघत राहिली. तिचा हात नकळत नाकाच्या शेंड्याकडे गेला. "तीळ बी घेतला का वं," ती पुटपुटली आणि चष्मा काढून काचा पदराने पुसल्या. काचा स्वच्छच होत्या.

जलालुद्दीनभाई बादलीशेजारी ओशाळून उभे होते. "हार मिटवतो का मंग, बाई? लोक डरते."

"हार राहू दे," बायनाबाई म्हणाली. "मेल्यावर सारेच घालतेत, जितेपनी कोन घालते? पोरी, माह्या हातात किटली दे. चांगली वाफ निघाली पायजे. मेलेलं मानूस चाय ओतत नाई. मंग पाहू कोन रडते ते."

नूतनने शिडीवर चढून हाराखाली हात काढला. किटली झरझर उतरली, कारण ती तिला डोळे मिटूनही काढता आली असती. वाफेला पांढरा रंग उरला नव्हता, तेव्हा तिने जलालुद्दीनभाईंच्या बादलीत ब्रश बुडवला. चित्रावर फिरवायला आणलेला चुना किटलीच्या तोंडातून वळणं घेत वर गेला.

खाली टपरीच्या फळ्या निघाल्या होत्या. बायनाबाईने भावाच्या हातातला हार घेऊन टपरीतल्या बुद्धाच्या तसबिरीला घातला आणि त्या रिकाम्या हातात गरम गिलास ठेवला. खुशालभाऊंनी गिलासाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. त्यांनी एक घोट घेतला.

"साखर जास्त झाली," ते म्हणाले.

"पे चूपचाप."

त्यांनी चूपचाप प्यायला, तळापर्यंत. मग मान वर करून शिडीकडे हाक मारली. "ओ पोरी, त्या किटलीखाली माहा गिलास बी काढ. फोटो सिंदेवाहीले जाईन तं लोकायले दिसलं पायजे, मी पेलो म्हनून."

नूतनने गिलास काढला, आणि तो रिकामा ठेवला.