डिस्कवरचं फडकं

सायकलच्या मागच्या ब्रेकचा पॅड उजेडाकडे तिरपा धरला की चकाकत होता – आणि चकाकायला नको होता. अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठा तुकडा. त्याने तो नाकाशी नेला, खाली ठेवला, पुन्हा नेला. वास तोच. साखळीच्या तेलाचा.

मिळणार तरी काय होतं त्याला त्या दिवशी? डोंगरातल्या फेरीसाठी धाकट्या बहिणीच्या दारात सायकलवाल्यांचा सगळा चमू जमलेला, आणि त्यातल्या कुणीतरी म्हणावं, की दादांचा हात लागला की सायकल कुरकुरत नाही. एवढीच मिळकत. त्यासाठीच बहिणीच्या नवऱ्याला, भावजींना, त्याने मऊ पॅड घ्यायला लावले होते – धातूचे जास्त टिकतात, पण चिखलात किंचाळतात, आणि आपण निवडून दिलेली सायकल चारचौघांत किंचाळली तर नाक आपलंच कापलं जाणार... त्यासाठीच थेंबाथेंबाने तेल सोडायची बाटली पिशवीतच राहू देऊन त्याने फवाऱ्याचा डबा काढला. फवारा दिसतो झोकदार. मागचं चाक गरगर फिरवत, बोलत बोलत – आणि डिस्कवर, ब्रेकच्या चकतीवर, तेल उडू नये म्हणून फडकं टाकायचं राहून गेलं. न टाकल्याबद्दल त्याने निम्म्या चमूची सालटी काढली होती, तेच फडकं.

उतारावर मागचा ब्रेक धरेना, भावजींनी घाबरून पुढचा करकचून दाबला आणि ते सायकलवरून उडाले. खांद्यापाशी हाड मोडलं.

हाड जुळेल म्हणतात. पण भावजी आल्यागेल्याला हसत सांगतात, की माझे हातच भित्रे, उतारावर पुढचा ब्रेक आवळतो तो गाढव. कशातच कधी पुढे न सरलेला हा माणूस चाळिशीत पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीसाठी आपणहून लवकर उठू लागला होता... आणि आज दादाला बोलावलं होतं ते सायकल विकण्याजोगी करून द्यायला.

सांगून टाकावं. दोन तर वाक्यं. जिना चढताना, नुसता संशय होता तेव्हाच, त्याने ती जुळवलीही होती, पण प्रत्येक वेळी दुसऱ्या वाक्यात ‘घाईघाईत’ हा शब्द घुसत होता. घाई कुठे होती? प्रेक्षक होते.

भावजी गळ्यातल्या झोळीत हात अडकवून गॅलरीत त्याच्याजवळ आले.

“दादा, मागचा ब्रेक कमी धरत होता का हो? की मलाच तसं वाटलं?”

आता... त्याने तोंड उघडलं. “उतारावर होतं असं कधीकधी,” तो म्हणाला. आवाज नेहमीचाच, शिकवणारा.

“म्हणजे मीच.” भावजी ओशाळले. “तुम्ही तपासून दिलेली सायकल, आणि मी तुमच्याच कामावर शंका घेतोय. माफ करा. हिला सांगू नका, नाहीतर दुसरा हातही मोडेल माझा.”

तो हसला. हसू शकला, आणि त्याच हसण्यात त्याला भावजींचा राग आला – भांडत का नाही हा माणूस, एकदा तरी खोदून का विचारत नाही? मग कळलं, की आपण वाट पाहतोय. पकडलं जाण्याचं कामसुद्धा आपण भावजींवरच टाकलंय. हाड त्यांचं गेलं, उमेद त्यांची गेली, सायकल जाणार तीही त्यांचीच, आणि वर माफीही त्यांनीच मागितली. दादांचं काहीच गेलं नव्हतं. नावाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं.