बॉनेटच्या आतल्या बाजूला

“वरून नको हं. आतून काढा,” पद्मजा म्हणाली.

“मला शिकवतेस?” गुरुनाथने मान न वळवताच म्हटलं. एका हाताने गाडीची कड धरून तो उभा होता. दुसऱ्या हाताची अनामिका तेलात कालवलेल्या कुंकवाने माखली होती. काठीवर टेकवलेल्या बॉनेटच्या आतल्या पांढऱ्या पत्र्यावर तो स्वस्तिकाची पहिली रेघ ओढत होता.

अमेरिकेत आले तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हतं. गुरुनाथच्या मित्राने, चंद्रशेखरने, पहिली गाडी घेतली आणि तिच्या नाकावर चांगलं ठसठशीत स्वस्तिक काढलं, तेव्हा शेजारचा माणूस मुलीचं बोट धरून तिथेच थिजला होता. मग कुणीतरी समजावून सांगितलं. तेव्हापासून डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधली मराठी मंडळी नव्या गाडीचं बॉनेट उघडून पूजा करत. कितीतरी गाड्या पोटात ते लाल चिन्ह लपवून ऑफिसला जात, मॉलबाहेर उभ्या राहत. बाहेर नारळ, चाकाखाली लिंबं, एवढंच काय ते दिसे.

“गुरू, लेका, लाज वाटते का रे?” चंद्रशेखर नारळ हातात खेळवत म्हणाला. “वीस वर्षं डेट्रॉइटचं मीठ खाल्लंस आणि जपानी गाडी दारात? तीही म्हातारी?”

“मीठ खाल्लं, म्हणून तर बीपी झालं,” गुरुनाथ म्हणाला. “त्यांनी मला काढलं, मी त्यांना काढलं. फिट्टमफाट.”

पद्मजा हसली नाही. त्याला उभं राहवत नाहीये, हे तिला दिसत होतं. पोटातली गाठ वाढत चालली होती आणि डॉक्टर आता पुढची तारीख देताना डोळ्यांत बघत नव्हते.

चार बाहू झाले. मधल्या जागांत त्याने ठिपके द्यायला घेतले. एक, दोन, तीन. मग तो थांबला, कडेला टेकला.

“शेवटचा तू दे.”

“मी कशाला? तुम्हीच द्या की.”

“गाडी कुणाची आहे?”

तिने कुंकवात बोट बुडवलं आणि चौथा ठिपका दिला.

*

गाडी पद्मजाचीच होती, तिच्या कामाची. नोव्हायच्या पश्चिमेला, जिथे घरं विरळ होऊन शेतं सुरू होतात, तिथल्या पोस्टात ती टपाल वाटायची. मिरजेची बॉटनीची पदवी इतकी वर्षं ट्रंकेत पडून होती. गुरुनाथची नोकरी गेली तेव्हा तिने ही परीक्षा दिली आणि पास झाली. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, तर “गव्हर्नमेंट जॉब आहे” एवढंच सांगायची आणि मोदकांचं ताट पुढे करायची.

खेड्याकडच्या रूटवर गाडी आपली आपण आणायची असते. घरोघरच्या टपालपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला खांबांवर आणि अमेरिकन गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. मग सगळे करतात तेच पद्मजाही करायची. उजव्या सीटवर बसायचं, डावा पाय तिरका लांबवून ब्रेक-ॲक्सिलरेटर दाबायचे, डाव्या हाताने स्टिअरिंग धरायचं आणि उजव्या हाताने पेटीत टपाल सारायचं. संध्याकाळी कंबर लाकडासारखी व्हायची. “सवय होते हो,” ती म्हणायची आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन पडायची.

एकदा बर्फात तिची गाडी घसरून चारीत गेली. गुरुनाथ मदतीला गेला आणि गाडी निघाल्यावर उरलेल्या रूटभर मागे बसून राहिला. त्या दिवशी त्याने तिला काम करताना पहिल्यांदा पाहिलं. त्याने आयुष्यभर ब्रेकची पेडलं डिझाइन केली होती. माणसाचा पाय कुठे असतो, किती वळतो, किती जोराने दाबतो, यावर त्याची वीस वर्षं गेली होती. त्या रात्रीपासून तो जेवण झालं की कॉम्प्युटरसमोर बसू लागला आणि जपानमधल्या कुणाकुणाशी बोलू लागला. अशी गाडी बाहेरून आणायची तर ती पंचवीस वर्षांहून जुनी हवी, हा इथला नियम. त्याने एक्याऐंशी सालची शोधली. गंज नाही, गिअर ऑटोमॅटिक, स्टिअरिंग उजवीकडे.

गाडी समुद्रात होती तेव्हा त्याच्या आजाराचं निदान झालं. केमोची सुई हातात असतानाही तो विचारायचा, “जहाज पनामा ओलांडून गेलं का गं? बघ ना जरा वेबसाइटवर.”

पूजा झाल्यावर ते दोघं पहिला फेरफटका मारायला निघाले. पद्मजा उजवीकडे, स्टिअरिंगमागे. मिरजेत मोटर ट्रेनिंग स्कूलच्या खटाऱ्यावर शिकली होती तशी. खांद्यांना सगळं आठवत होतं, बोटांना मात्र नाही. वळताना इंडिकेटर द्यायला गेली की वायपर फिरायचे. कोरड्या ठणठणीत काचेवर ते खरखरले की गुरुनाथ पोट धरून हसायचा. दुखायचं, तरी हसायचा.

“इतकी वर्षं तू माझ्या उजवीकडे बसलीस,” तो म्हणाला. “आता बघ, मी तुझ्या डाव्या हाताला. वामांगी मीच झालो.”

“काहीतरीच तुमचं.”

पुढे चौकात सिग्नल लाल झाला, तसा त्याचा उजवा पाय खाडकन खाली गेला. मग पुन्हा पुढच्या चौकात. तिथे नुसतं पायपुसणं होतं.

“अहो, ब्रेक माझ्याकडे आहे.”

“माहितीय गं. पण या बाजूला बसलं की पाय ब्रेक शोधतो.” त्याने आपल्याच गुडघ्याकडे परक्यासारखं पाहिलं. “डोक्याला कळतं. पायाला कळत नाही.”

पानं गळायच्या दिवसांत तो गेला.

*

तेरावं झालं, त्यानंतर पद्मजा पुन्हा रूटवर निघाली. डाव्या सीटवर टपालाचा ट्रे असायचा. वळणावर तो सरकू नये म्हणून ती त्याला सीटबेल्ट लावायची.

या गाडीने एक केलं होतं. आता तिरकं ताणून बसावं लागत नव्हतं, त्यामुळे पेटीपाशी निवांत थांबता येई आणि तिथे उभं असलेलं माणूस हाताच्या अंतरावर असे. अशा उभ्या राहणाऱ्यांतल्या एक मिसेस ॲडलर. मातीच्या रस्त्याच्या टोकाला एकट्याच राहायच्या. ऐंशीच्या घरातल्या, बारीक चणीच्या. पांढऱ्या गाडीची धूळ दिसली की स्वेटरची बटणं लावत पेटीपाशी येऊन उभ्या राहायच्या.

“काय म्हणते तुझी जहाजातून आलेली गाडी?” पहिल्या दिवसापासून त्यांचा हाच प्रश्न. “मीही जहाजातूनच आले. आधी आगगाडी, मग जहाज. व्हिएन्नाहून. तेव्हा मी आठ वर्षांची होते. आम्हा ज्यू मुलांना कोटाला नंबर लावून पाठवलं होतं, पार्सलासारखं.” आणि टपाल घेता घेता टपावर थाप मारायच्या. आईवडील मागून येणार होते, एवढंच त्या एकदा म्हणाल्या होत्या. आले का, हे पद्मजाने विचारलं नव्हतं.

तेराव्यानंतर पद्मजा आली, त्या दिवशी त्यांनी गाडीची चौकशी केली नाही. खिडकीतून हात आत घातला आणि तिचा हात धरून ठेवला. गाडी चालूच होती. मागून कुणी येत नव्हतं. मग म्हणाल्या, “आता जा. लोक वाट बघत असतील.” इंग्रजी दोघींचंही परकंच. कदाचित म्हणूनच एकमेकींचं बोलणं त्यांना नीट कळायचं.

हिवाळाभर तो हात रोज खिडकीशी येत राहिला. घरी लेक प्रीता फोनवर म्हणायची, “आई, प्लीज, तो कार विकून टाक. इट्स ओल्डर दॅन मी.” पद्मजा म्हणायची, “बरं, बघू.”

पुढच्या जुलैत, अंगाची लाही होत होती अशा दुपारी, मिसेस ॲडलरच्या पेटीपाशीच गाडी तापली. काटा लालमध्ये गेला, फटीतून वाफ फुसफुसायला लागली. पद्मजा घाईने उतरली, पदराऐवजी शर्टाचं टोक हाताला गुंडाळून बॉनेट उघडलं आणि काठी लावली.

“थांब, थांब, पाणी आणते!” दारातून आवाज आला.

त्या प्लॅस्टिकचा जग दोन्ही हातांनी सांभाळत आल्या. “तरुण गाड्यासुद्धा तापतात गं, हिचं काय घेऊन बसलीस,” असं काहीतरी म्हणत होत्या. आणि मधेच थांबल्या.

त्या कुठे बघताहेत, हे पद्मजाला आधी कळलंच नाही. मग तिने वर पाहिलं. इंजिनच्या उष्णतेने कुंकू भाजून निघालं होतं, रेघा गडद झाल्या होत्या.

मिसेस ॲडलरनी जग खडीवर ठेवला. अगदी हळू, सांडू नये असा. मग त्या मागे सरकल्या. पाठ न वळवता, दारापर्यंत. कडी लागल्याचा आवाज रस्त्यापर्यंत आला.

*

दुसऱ्या दिवशी पेटीपाशी कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही.

“समजावून सांगा ना वहिनी,” चंद्रशेखर म्हणाला. “आपलं आहे ते, किती हजार वर्षांचं! त्या हिटलरने चोरलं, त्यात आपला काय दोष? आपण का म्हणून लपवायचं?”

“भाऊजी, तुम्हीसुद्धा आतूनच काढता.”

तो म्हणाला, “ते वेगळं.”

प्रीताचं म्हणणं, “एखादं आर्टिकल प्रिंट करून दे ना. शी विल गेट इट.”

“त्यांची काय शिकवणी घ्यायची का मी?”

पण शनिवारी जग परत करायला ती गेली, तेव्हा सगळी शिकवणी पाठ करूनच गेली होती. रिकामं भांडं परत देऊ नये, म्हणून जगात परसातले टोमॅटो घातले होते. साखळी लावलेलं दार चार बोटं उघडलं.

“मिसेस ॲडलर, आमच्या देशात ते चिन्ह...”

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “शुभ असतं. लग्नात काढता, दारावर काढता. मी वाचलंय. कॉलेजात शिकवलंयसुद्धा.” त्या थांबल्या. आवाजात राग नव्हता, थोडी शरम होती. “डोक्याला ठाऊक आहे. पायांना नाही. माझे पाय आपणहून आत आले. मला त्यांना थांबवता आलं नाही.”

पद्मजाची पाठ केलेली वाक्यं तिथेच राहिली. तिला दिसला तो लाल सिग्नल आणि पायपुसण्यावर खाडकन दाबलेला पाय.

“कुणी काढलंय?” मिसेस ॲडलरनी विचारलं.

“माझ्या नवऱ्याने. गाडी आली त्या दिवशी.”

साखळी निघाली. त्यांनी जग घेतला, टोमॅटोंकडे पाहिलं. “मग पुसू नकोस,” त्या म्हणाल्या. “ऐकतेस ना? पुसायचं नाही. मी येत जाईन.”

सोमवारी त्या खरंच आल्या. स्वेटरची बटणं लावून उभ्या राहिल्या. पण पेटीच्या पलीकडे, गवतात. “पेटीतच ठेव आज,” म्हणाल्या आणि हसल्याही. बॉनेट घट्ट मिटलेलं होतं, पण आत काय आहे, ते आता त्यांना माहीत होतं. मंगळवारी तसंच. बुधवारी त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. हात उचलला आणि तो वाटेतच राहिला. त्या हाताकडे बघून त्याच इतक्या ओशाळल्या, की पद्मजानेच मान फिरवून ट्रेमधली पाकिटं उगाच नीट केली.

*

रविवारी टपाल नसतं. पद्मजाने दुपारी गॅरेजचं दार उघडलं आणि बॉनेट वर करून काठी लावली. कोमट पाणी, साबण, आणि गुरुनाथच्या जुन्या बनियनचा तुकडा.

तिने वाकून रेघा जवळून पाहिल्या. पहिली रेघ किती सरळ होती, आणि तिसऱ्या ठिपक्यापाशी हात कसा खाली ओघळला होता. तिथे तो कड धरून थांबला होता. “मला शिकवतेस?” म्हणाला होता.

“अहो,” ती हलकेच म्हणाली, “रागावू नका.”

भाजलेलं कुंकू लवकर सुटेना. ती एकेका रेघेवर फडकं धरून ठेवायची, ओलं मुरू द्यायची, मग पुसायची. आडवी रेघ गेली. उभी गेली. बाहू एकेक करून गेले. बनियन गुलाबी झालं. बादलीतलं पाणी पायदळी जाऊ नये म्हणून तिने ते परसात नेऊन टोमॅटोच्या आळ्यात ओतलं.

परत आली तेव्हा पांढऱ्या पत्र्यावर चार ठिपके तेवढे उरले होते. चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे. मध्ये काहीच नाही. बघणाऱ्याला वाटलं असतं, गंज असेल, नाहीतर रंग उडाला असेल. ते पुसायला तिने फडकं उचललं आणि पुन्हा पिळून बाजूला ठेवलं.

तिने आपली अनामिका चौथ्या ठिपक्यावर टेकवली. बोट नेमकं बसलं. मग एकेक करून त्याने दिलेल्या तिन्हींवर टेकवली. तिथे बोटाभोवती थोडी थोडी जागा उरत होती.

तिने काठी काढली आणि बॉनेट दोन्ही हातांनी धरून, आवाज न करता, मिटलं.