दसऱ्याच्या पाटावरचा बूट

मी उजव्या पायाचा बूट बोलतोय. डावा शेजारीच आहे, पण त्याला फारसं विचारू नका. मैदानात त्याचं काम टेकू देण्याचं. चेंडूशी खरा संबंध माझाच.

जन्म जालंधरच्या कारखान्यातला. पवनारच्या आचलला केरळातल्या एका फुटबॉल क्लबानं करारावर घेतलं, तेव्हा तिच्या बाबांनी नागपूरच्या दुकानातून मला आणलं. आचल मधल्या फळीत खेळायची. मागून आलेला चेंडू घ्यायचा, मान वळवून बघायचं आणि पुढच्या मुलीच्या पायात नेमका द्यायचा, हे आमचं काम. गोल करणारीला सगळ्या जणी खांद्यावर घेतात. आम्हाला कोणी घेत नाही. मला याचा राग यायचा. आचलला कधी आला नाही.

ती निघायच्या आधी दसरा आला. या घरात दसऱ्याला चालती, म्हणजे कामातली, अवजारं धुऊन पुजतात. पाटावर विळा, कुऱ्हाड, बाबांची पक्कड आणि पाटाशेजारी आजोबांचा बैलांनी ओढायचा वखर. आचलच्या आईनं, नलूबाईनं, पक्कडीजवळ मलाही मांडलं. आजोबा टिकाराम, म्हणजे नलूबाईचे सासरे, भडकले.

"काऊन वो, पायातला जोडा देवापाशी मांडतेत का?"

"मामाजी, तिचं अवजार हेच हाय ना."

आजोबा पाठ फिरवून बसले. प्रसादही त्यांनी उशिराच घेतला.

इथवर ठीक होतं. पण नलूबाईनं वखराच्या लाकडाला जवसाचं तेल चोपडलं आणि तेवढ्याच मायेनं मलाही चोपडलं. केरळात पहिल्याच सामन्यात चेंडू माझ्यावरून निसटायला लागला. दिलेला पास भलतीकडेच जाई. मध्यंतराआधीच आचलला बाहेर बसवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. "आई, काय लावलं तू बुटाले?"

"वखराले लावतो तेच. काऊन, कमी पडलं का?"

आचल रडायच्या बेतात होती, ती हसतच सुटली. तेव्हापासून दर दसऱ्याला मला हळदकुंकू मिळालं, तेल मात्र बंद.

मग आम्ही चार हंगाम खेळलो. क्लबानं तिला नवे बूट दिले, ते सरावाला. सामन्याला मीच. दोनदा माझा तळवा उसवला, दोन्ही वेळा वर्ध्याच्या स्टेशनाजवळच्या मोच्यानं शिवला. पेपरात तिचं नाव क्वचितच आलं. पण अडचणीत सापडलेली प्रत्येक मुलगी चेंडू आधी आचलकडेच द्यायची. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

चौथ्या हंगामात तिचा गुडघा गेला. मी जमिनीत रुतलो होतो आणि ती वळली. ऑपरेशन झालं, ती परत पळायला लागली, पण वळायची वेळ आली की पाय कचरायचा. मधल्या फळीत वळता आलं नाही तर संपलंच. क्लबानं करार वाढवला नाही. घरी तिनं सांगितलं, "सुट्टी हाय." मला पिशवीत घालून खाटेखाली सरकवलं. सगळे विचारायचे, कधी जाणार? ती म्हणायची, दसरा झाल्यावर.

आज दसरा. पाट मांडला. विळा आला, पक्कड आली. आजोबांनीच विचारलं, "बूट कुठी हाय?"

"राहू द्या, आबाजी."

"काऊन? चालता हाय ना तो?"

खोटं बोलून मला तिथं मांडणं आचलला जमेना. "नाई चालत आता. खेळणं सरलं माहं. क्लबनं नाई घेतलं मले."

नलूबाईनं हातातलं ताम्हन खाली ठेवलं. आजोबा उठले, वाकून खाटेखालची पिशवी ओढली. ज्यांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं, त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं माझी माती पुसली.

"बैल इकले तवापासून माहा वखर तरी कुठी चालून राह्यला? तरी तुही माय मांडतेच ना त्याले," ते म्हणाले आणि मला वखराला टेकवून ठेवलं.

आचल तिथंच बसून रडली. घरात खूप दिवसांनी कोणी खरं रडलं.

आता नलूबाई वखराला तेल लावतेय. माझ्यापाशी येऊन तिचा हात थांबलाय. नलूबाई, थांबू नका. या वर्षी हवं तेवढं लावा. आता माझ्यावरून कुठं चेंडू निसटणार आहे!